सावलीत वाळवलेली तिखाडी

आमच्या धाड गावाकडच्या डोंगरउतारावर तिखाडी नावाचं उग्र वासाचं गवत माजतं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तेच निवडलं. गवतातून तेल काढायचं आणि त्यात अँटिऑक्सिडंटची ताकद किती, ते तपासायचं. निवडण्यामागचं खरं कारण सरांना सांगितलं नव्हतं. माझ्या मायचे वडील डोंगरात तिखाडीचं तेल काढायच्या भट्टीवर जाळ घालायचे. भट्ट्या कधीच बंद पडल्या, आजोबाही गेले. त्यांच्या हातच्या तेलाची एक शिशी तेवढी मायजवळ होती. ते तेल ती थेंबाथेंबानं गुडघ्यांना चोळायची.

दिवाळीच्या सुमारास तिखाडीला लालसर तुरे आले. मी भारा कापून आणला, "माय, एवढं वाळव" म्हणाले आणि बुलढाण्याला कॉलेजात निघून गेले. मायनं मिरच्या वाळवतात तसं ते छपराच्या टिनावर टाकलं, कडक उन्हात, रोज पालटून, चांगलं चार दिवस. मग मी ते कॉलेजात नेऊन काचेच्या भांड्यात पाणी घालून तीन तास उकळलं. वाफेबरोबर तेल वर चढतं आणि गार होऊन बारीक नळीत पाण्यावर तरंगतं. माझ्या नळीत धड तवंगही नव्हता. सारं तेल उन्हानं उडून गेलं होतं.

घरी येऊन मी मायवर तोंड सोडलं. "उन्हात टाकायले कोणी सांगतलं होतं तुले? साऱ्या मेहनतीची माती केली!"

"तूच म्हणे वाळव," ती म्हणाली. "सावलीत कोण वाळवते, बाई?"

खरंच होतं. आमच्याकडे मिरच्या, कुरडया, डाळी, सगळं उन्हातच वाळतं. सावलीचं सांगायला मीच विसरले होते आणि खापर तिच्या डोक्यावर फोडलं. माझं हे असंच, आधी तोंड चालतं, मग डोकं.

प्रकल्प जमा करायला पंधरा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माय घरात नाही. दुपारी आली ती डोक्यावर भारा घेऊन, एका हातानं गुडघा दाबत. खाटेखाली, पेटीवर, बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे तिनं तिखाडी पसरली. आठवडाभर आमच्या भाकरीलाही तोच वास होता. मी माफी मागितली नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही. गुपचूप दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिखाडी घेऊन कॉलेजला निघाले तेव्हा तिनं त्या जुन्या शिशीतले थोडे थेंबही दिले. "माह्या बापाचंही पाह्य बरं."

या खेपेला नळीत पिवळसर तेल उभं राहिलं. कापलेलं वांगं हवेनं काळं पडतं. तसलं बिघडणं रोखणारी चीज म्हणजे अँटिऑक्सिडंट. तपासायला एक गडद जांभळं द्रावण असतं, तेलात दम असला की ते पिवळं पडतं. अर्धा तास अंधारात ठेवून मी नळ्या बाहेर काढल्या. नव्या तेलाची नळी पिवळी झाली होती. आजोबांच्या तेलाची होती तशीच जांभळी. हवा खाऊन खाऊन जुन्या तेलाचा दम संपला होता.

घरी गेल्या गेल्या मी सांगितलं, नव्या तेलाची नळी पिवळी झाली, म्हणजे त्यात दम आहे. मायनं विचारलं, "अन् माह्या बापाचं?"

"तेही झालं पिवळं," मी म्हणाले. ती इतकी खूश झाली की त्या रात्री मला माझ्या खोट्याचं काहीच वाटलं नाही.

पुढच्या रविवारी घरी गेले तर माय लंगडत होती. तिनं फडक्यात गुंडाळलेली ती शिशी माझ्या हातात ठेवली. "घेऊन जाय. तुह्या कामाचं आहे हे. मी लावणंच बंद केलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माय, नव्हतं झालं पिवळं. तुले वाईट वाटंल म्हणून खोटं बोलली मी."

तिनं माझ्या हातातून शिशी घेतली, बूच काढलं आणि पाय पसरून बसली.

"तुह्या कामाचं नाही न आता?" ती म्हणाली. "मंग माह्या गुडघ्याले होते." आणि चोळू लागली.