उभ्यानं खाल्लेली भाकर

आमच्या घरात पहिली पदवी माझी. चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यातही पोरींमध्ये मीच पहिली. हे मी अजून ताठ मानेनं सांगते. पुढे विमानात नोकरी लागली तेव्हा आई ज्याला-त्याला सांगायची, "आमची पोर आबाळात कामाला हाय."

आभाळातलं काम म्हणजे वाढपच. हसायचं, वाकायचं, ट्रे द्यायचे, ट्रे उचलायचे. आपण खायचं ते मागे पडद्याआड, उभ्यानं. टेकलं की कुणीतरी घंटी वाजवायचंच.

सत्तरच्या दशकात विमानाचं तेल महागलं, कंपनी आणि कामगारांत भांडणं पेटली आणि टाळेबंदी झाली. "काम सुरू झालं की कळवू," म्हणाले. मी बॅग उचलून घरी आले. शिवारात भात पिवळं झालं होतं.

घरी ना झोप लागायची, ना भूक. हसू मात्र तोंडावरून उतरत नव्हतं. दारात कुणीही आलं की ओठ आपोआप ताणले जायचे. ही नोकरी गेली तर मी कोण, एवढंच डोक्यात फिरायचं. मनही आजारी पडतं हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. मी शिकलेली, मलाही नव्हतं.

शेजारच्या काकीनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकलं, मीही खोकले.

"ठसका आला, म्हंजी नजर नाय गं ही," काकी हिरमुसली. "मंग काय झालंय पोरीला?"

मी चुलीपाशी उभ्यानं अर्धी भाकर खाते आणि कुणाचं ताट रिकामं दिसलं की तोंडातला घास तसाच ठेवून धावते, हे आई रोज बघत होती.

कापणी सुरू झाली. एका दुपारी भाकऱ्यांची पाटी घेऊन मी शेतावर गेले. सगळी बांधावर आंब्याखाली बसली. मी भाकरी वाढली, सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं, कांदा फोडून दिला. मग पाणी. मग पुन्हा, "अजून काही हवंय?"

"अगं, किती इचारशील?" काकी म्हणाली. "आमी काय विलायतेचं सायब हाव?"

सगळी हसली. मीही हसले, तेच ते हसू. आईनं हातातली भाकर पाटीत परत ठेवली.

"ही बसल्याबिगर कुणी घास उचलायचा नाय."

हसणं थांबलं. सकाळपासून वाकून कापणारी माणसं ती, पोटात आग पडलेली. पण बाबांनी भाकर खाली ठेवली, मग काकीनं, मग सगळ्यांनीच.

"आई, मी नंतर खाते ना."

"नंतर कवा? बस गं."

बाबा सरकले. मी त्यांच्या शेजारी मांडी घातली. आईनं माझ्या हातावर भाकर ठेवली, वर कालवण घातलं. पहिला घास गिळला आणि रडूच फुटलं. कुणी विचारलं नाही, कुणी गप्पही केलं नाही. काकीनं तेवढा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी रडत रडत दोन भाकऱ्या खाल्ल्या. इतकी चव मला पुढे कुठल्या देशात मिळाली नाही.

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती तेव्हा कंपनीनं कळवलं. मी गेले. पहिल्याच फेरीत वाढून झाल्यावर पडद्याआडची घडीची खुर्ची उघडली, मांडीवर ट्रे घेतला आणि बसले. घंटी वाजली.

घास संपवला, मग उठले.