घंटागाडीत गेलेली वस्ती
चादरींच्या चिंध्यांचा तो खळीचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. सोलापुरात नगररचनेचं पदव्युत्तर शिक्षण घेताना, काहीच वाया न घालवणाऱ्या वस्तीचं मॉडेल मी चिंध्या आणि मागावरच्या रिकाम्या कांड्या वापरून महिनाभर खपून केलं होतं. परीक्षेच्या सकाळी बघते तर टेबल रिकामं! "बाहेरचे परीक्षक यायलेत, म्हणून सगळं आवरून घ्यायला सांगितलं की मी," आमचे सर शांतपणे म्हणाले. मी फाटकाकडे धावले, तर घंटागाडी गाणं वाजवत कोपऱ्यावरून वळत होती. आता मीच शिकवते आणि परीक्षेआधी प्रत्येक मॉडेलवर 'हा कचरा नाही' अशी चिठ्ठी लावायला लावते. काल एक विद्यार्थी चिठ्ठी हातात धरून, आपल्याच मॉडेलकडे बघत म्हणाला, "पण मॅडम, कचराच हाय की!"