नामदेवकाकांचा कान

नामदेवकाकांकडे दर गुरुवारी संध्याकाळी गाणं ऐकायला जायचं म्हणजे आधी चप्पल बाहेर काढायची, मग खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवायचा, चिवड्यासारखं कुरकुरीत काही मागायचं नाही, आणि मग गप्प बसून मशीन तापायची वाट पाहायची. मशीन म्हणजे त्यांचा अँप्लिफायर, टेप आणि स्पीकर जोडलेला. तो होता ट्रान्झिस्टरचा, बटण दाबल्याबरोबर वाजणारा. पण काकांचं तारुण्य जुन्या रेडिओसमोर गेलेलं. त्याच्या पोटातल्या नळ्या तापल्याशिवाय तो बोलत नसे. तो रेडिओ गेला, तरी त्याची शिस्त काकांनी या नव्या धर्माला लावली होती. कुणी शंका काढलीच तर म्हणत, "तवा तापल्याबिगर भाकर टाकतेत का?"

ऐंशीच्या सुमारास मी आदिलाबादच्या पोस्टात बदलून आलो, तेव्हापासून मी त्यांचा 'बाबू'. त्यांची हयात कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझरी करण्यात गेली होती. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस गावात आवाजाचा पारखी म्हणून कसा काय प्रसिद्ध झाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण झाला होता. कुणाला टेपरेकॉर्डर घ्यायचा असो की देवळासाठी भोंगा, काकांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. शेजारच्या किराणावाल्यानं हौसेनं नवा डेक आणला, गाण्याबरोबर लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा. काकांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "दिवाळीले बाहेर टांगा. अंगणात उजेड पडन." तो बिचारा महिनाभर काकांशी बोलला नाही.

हे मशीन त्यांनी निर्मल गावच्या एका इंजिनिअरकडून घेतलं होतं. त्याची बदली झाली, सामान निघालं, आणि काका काकूंना घेऊन हजर. परतीच्या बसमध्ये एकच सीट मिळाली. तिच्यावर मशीन बसलं. काका त्याला धरून शेजारी टेकले आणि काकू आदिलाबादपर्यंत दांडा धरून उभ्या. "मशीनले हादरे चालत नाईत," काकांनी सगळ्या बसला समजावून सांगितलं. काकू ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि शेवटी म्हणत, "माह्या पायायले चालतेत वाटते." घरात व्होल्टेज सांभाळणारा डबा एकच होता. तोही मशीनला मिळाला. उन्हाळ्यात फ्रिज जळाला, तेव्हा काका म्हणाले, "पानी माठातलंच चांगलं."

चेष्टा पुरे, आवाजाबद्दल मात्र खोटं बोलवत नाही. तो आवाज फार सुंदर होता. भरलेला, गोल, कुठेही टोक नसलेला. डग्ग्याचा घुमारा पोटात येऊन बसायचा आणि गाणारीचा श्वास आपल्या कानाशी लागायचा. पुढे किती नवी यंत्रं ऐकली. त्यांच्यात सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि काही जवळ येत नाही. काका म्हणायचे, "नव्याचा आवाज पऱ्हाटीवानी टोचते. याचा पाहा, आत्ता येचलेल्या कापसाच्या बोंडावानी." मशीनच्या चांदीच्या रंगाच्या तोंडावर दोन काचेच्या खिडक्या, आत पिवळा उजेड, आणि गाण्याबरोबर डुलणारे दोन काटे. ते पाहत बसलं तरी दिवसाचा शीण जाई.

दसऱ्याला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करत, तशी काका मशीनची करत. एका वर्षी भक्ती जरा जास्तच उतू गेली. आवाजाच्या बटणावर त्यांनी ओलं कुंकू इतकं चोपडलं की ते आत उतरलं. तेव्हापासून बटण फिरवलं की स्पीकरमधून खर्रर्र व्हायचं. दुसरा कुणी मेकॅनिककडे गेला असता. काकांनी तत्त्वज्ञान काढलं, "जुन्या आवाजाले थोडी खरखर लागतेच. हिरीच्या पान्याले चव असते का नाई?" तहसिलीतून निवृत्त झालेले पेशकारसाहेब गुरुवारचे आमचे दुसरे श्रोते. निजामाच्या काळातली उर्दू त्यांच्या तोंडून अजून गेली नव्हती. ते मान डोलावून म्हणाले, "बिलकुल दुरुस्त." तिसरा तामसीचा महादू, आठवडी बाजाराला वांगी घेऊन येणारा. त्याचं सगळं लक्ष शेवटच्या बसकडे. तो म्हणाला, "लय भारी." अशी आमची रसिकांची सभा.

नव्वदनंतर आवाज हळूहळू वाढू लागला. काका बटण आणखी थोडं, आणखी थोडं फिरवत. त्यांची खुर्ची स्पीकरकडे सरकत सरकत शेवटी त्याच्या अगदी पुढ्यात येऊन ठेपली. "आजकालच्या क्यासेटीतच जीव नाई," ते म्हणत. माणसांबद्दलही तीच तक्रार, सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. एकदा आत कुकरच्या शिट्यांवर शिट्या चालल्या होत्या आणि काका प्रसन्नपणे म्हणाले, "आज घर कसं शांत हाय." पेशकारांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

जिनिंगनं कान खाल्ले होते, हे काकूंना कळलं होतं, आम्हाला कळलं होतं. सांगणार कोण? नोकरी संपलेली, दोन्ही मुलं हैदराबादला. गावात त्यांची जी काही किंमत उरली होती, ती त्या कानावर. तो गेला असं बाहेर फुटलं असतं, तर किराणावाल्यानं पेढे वाटले असते. आमच्यासमोरच काका लहान झाले असते, आणि ते मला बघवलं नसतं. पण तिकडे काकूंना अर्धशिशी. मशीन सुरू झालं की त्या कपाळाला फडकं आवळून स्वयंपाकघरात बसत. खिडक्यांची तावदानं थरथरत, तिथे त्यांच्या डोक्याची काय कथा.

एका गुरुवारी काका हात धुवायला मागे गेले. काकू बाहेर आल्या आणि मशीनच्या पुढचा एक खटका फिरवून आत गेल्या. त्या खटक्यानं स्पीकर तेवढे बंद होत. मशीन चालूच राही आणि काटेही नाचत राहत. काका आले. मशीन तापलं, निदान त्यांच्या हिशेबानं. त्यांनी कॅसेट लावली. काटे डुलू लागले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. काकांनी काट्यांकडे पाहत मांडीवर ताल धरला, मान हलवली, एका जागी हात उंचावून दादही दिली. कॅसेटची बाजू संपल्यावर आमच्याकडे वळून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कसा वाटला आज आवाज?"

पेशकार म्हणाले, "बिलकुल दुरुस्त." महादू म्हणाला, "लय भारी," आणि बसकडे पळाला. राहिलो मी, त्यांचा बाबू. मी म्हणालो, "गोड." काकांनी कानाला हात लावला. मग मी ओरडून सांगितलं, "गोड होता, काका!" आत काकू हसल्या. ते हसू मला आणि पेशकारांना चांगलं ऐकू आलं.

तेव्हापासून तीच रीत पडली. काका गेले तोवर, म्हणजे पुढची दोनेक वर्षं, आम्ही दर गुरुवारी चप्पल काढून, गप्प बसून, काही न ऐकता ऐकत होतो. प्रत्येक वेळी काका विचारत आणि प्रत्येक वेळी मी 'गोड' म्हणून ओरडत असे. बाहेरून जाणारे मला वेडा समजत असतील. मला मात्र मनातून वाटे, एका म्हाताऱ्या माणसाचा मान आपण राखतोय. त्या मोठेपणाची थोडी गुंगीही होती.

काका गेल्यावर महिन्याभरानं मी काकूंना भेटायला गेलो. चहा झाला. मशीन कोपऱ्यात फडक्याखाली होतं. मला राहवलं नाही. विचारलं, "काकू, त्यांना कधी कळलं का हो?"

"कळलं ना," काकू म्हणाल्या. "पयल्याच महिन्यात. एक गुरवारी मी खटका फिरवाचा इसरली. तुमी लोकं आले नव्हते अजून. यायनं क्यासेट लावली तं टेबलावरचा पेला थरथर कराले लागला. आधीच्या गुरवारी हालला नव्हता तो. यायनं पेल्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. मंग उठले आन सोताच खटका बंद केला."

"काही बोलले नाहीत?"

"मी इचारलं ना, काऊन बंद केलं? तं म्हने, राहू दे. बाबूले बिना आवाजाचंच गोड लागते, त्याचा हिरमोड काऊन कराचा?"