टाकून दिलेलं पहिलं रीडिंग

बाहेर राज्याचे दोन तुकडे होत होते, आत आमच्या कंपनीचे चार. कोण कुणाच्या हाताखाली, याचा रोज नवा तक्ता, रोज नवा साहेब. त्या धांदलीत माझा विभाग टेस्टिंगवाल्यांच्या हाताखाली गेला आणि तिथून सगळं नासलं.

कारखान्यात माल ओढणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांसाठी आम्ही ब्रेकचा कंट्रोलर बनवायचो. माझं काम एकच. चालकाने ब्रेक दाबला की प्रोग्राम संपायला वाईटात वाईट किती वेळ लागेल, ते सांगायचं. सरासरी नव्हे, वाईटात वाईट.

प्रोसेसरात कॅश म्हणून एक लहान, झटपट मेमरी असते. माझे वडील, अप्पा, सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. नुकत्याच दाखवलेल्या साड्या गादीवरच पडलेल्या असत. पुन्हा मागितल्या की हात लांबवला, झालं. दुसऱ्या गिऱ्हाइकाने वेगळा माल काढायला लावला की आधीच्या साड्या माळ्यावर. मग चढा शिडी! कॅशचं तेच. मध्ये दुसरे प्रोग्राम चालले की ब्रेकचा प्रोग्राम कॅशमधून बाहेर पडतो, आणि तो मोठ्या मेमरीतून परत आणण्यात वेळ जातो.

टेस्टिंगवाले काय करायचे? ब्रेकचा प्रोग्राम टेबलावर एकटाच, पुन्हा पुन्हा पळवायचे आणि पहिलं रीडिंग टाकून द्यायचे. पहिल्या वेळी प्रोग्राम कॅशमध्ये नसतो, म्हणून ते कायम जास्त यायचं ना!

"पहला डोसा कब्बी गोल आता क्या, मॅडम?" नवे साहेब म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले.

"साहेब, गाडीत ब्रेक शंभरदा दाबून बघत नाहीत. चालकाच्या पानात पहिलाच डोसा पडतो."

"नक्को परेशान होव."

ब्रेकचा प्रोग्राम कॅशमध्ये अडकवून ठेवा, असंही मी सुचवलं. त्याने बाकीचं काम मंदावतं, म्हणून तेही नको. पालथ्या घड्यावर पाणी! मी रिपोर्टावर सही केली नाही. पुढच्या तक्त्यात माझी बदली स्टोअरला झाली आणि सही दुसऱ्याने केली.

चाचणीची गाडी चालवणारा आमचा ड्रायव्हर अफझलगंजचा, वयस्कर, शांत. जेवायच्या सुट्टीत माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी हक्काने मागून घ्यायचा. एके दुपारी आवारात सगळे प्रोग्राम एकदम चालू असताना त्याने ब्रेक दाबला. गाडी उशिरा थांबली, भिंतीला धडकून. त्याचा पाय मोडला.

चौकशी बसली. मला कुणी बोलावलं नाही. मी आपणहून गेले, तर "तुम्ही आता स्टोअरच्या" म्हणून दारातूनच परत पाठवलं. समितीने प्रोग्राम पुन्हा तपासला. टेबलावर, एकटाच, पुन्हा पुन्हा. पहिलं रीडिंग टाकून. प्रोग्राम निर्दोष ठरला. अर्थात, चालकाने ब्रेक उशिरा दाबला, असंही ठरलं. त्या दिवशी मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही. मेल्यांनो, माणूस आयुष्यभर गाड्या चालवत आला होता!

त्याची नोकरी गेल्यावर तो मला कोठी भागातल्या एका दवाखान्याबाहेर भेटला. काठी भिंतीला टेकवून उभा होता. इकडचं तिकडचं बोललाच नाही.

"मॅडम, मैं टैम पे दबाया था ना?"

"हौ," मी म्हटलं. "टैम पेच दबाया था."

त्याने मान हलवली. "तुम बोले, बस," म्हणाला, काठी उचलली आणि लंगडत आत गेला.