मागची भिंत

"माणूस पुसणं सोपं असतं गं, त्याच्यामागची भिंत भरणं कठीण."

प्रफुल्ल शिरसाट हे एकदाच बोलले, आणि तेही एका नऊ वर्षांच्या मुलीपाशी. ती मुलगी म्हणजे क्षिप्रा. ठाकुर्ली पूर्वेला तिच्या वडिलांचा, रवींद्र वैद्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे प्रफुल्लकाका. शाळा सुटली की क्षिप्रा डब्यात उरलेली पोळी खात त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची आणि पडद्यावरची माणसं नाहीशी होताना बघायची. नवरा-नवरीच्या मागे जांभई देणारा मामा, खांद्यावर पंचा टाकलेला वाढपी, चप्पल शोधणारी कुणाची तरी आत्या. माऊसच्या दोन फिरक्यांत माणूस जायचा. मग काका अर्धा अर्धा तास भिंत भरत बसायचे. शेजारचा रंग उचलायचा, भोकावर ठेवायचा. भिंतीला ओल असेल तर ओलही बेतायची, नाहीतर नवी भिंत खोटी दिसते.

त्यांच्या हाताची ख्याती ठाण्यापासून कल्याणपर्यंत होती. एकूण चौदा स्टुडिओ आपल्या लग्नांचे अल्बम त्यांच्याकडेच पाठवायचे. कुणाच्या घरी कुणी गेलं तरी लोक त्यांच्याकडेच यायचे. रेशनकार्डावरचा नखाएवढा चेहरा घेऊन काका दोन दिवसांत दोन फुटांचा माणूस उभा करायचे, त्याला कोट घालायचे, डोळ्यांत थोडा प्रकाश ठेवायचे. घरचे म्हणायचे, अगदी बोलतील असं वाटतं. काका मान खाली घालून पाकीट बांधायचे.

त्यांची बायको रचना नवऱ्या मुलींना साड्या नेसवायची. नऊवारी, शालू, जे म्हणाल ते. मनगटाला पिनांची एक लाल उशी बांधलेली असायची. ती तिने स्वतः खणाच्या तुकड्याची शिवली होती आणि कडेला पिवळ्या दोऱ्याचे टाके घातले होते. कार्यालयात शिरली की आधी मोठ्याने विचारायची, "कुठंय आमची नवरी? घाम पुसा गं तिचा, नाहीतर पदर टिकायचा नाही." क्षिप्राला शाळेच्या नाटकात साडी नेसवताना ती म्हणाली होती, "पोट आत नको घेऊ, श्वास घे. साडी तुझ्यासाठी आहे, तू साडीसाठी नाहीस."

पस्तिशीला आली तेव्हा काकूच्या चेहऱ्यावर कोड उमटलं. आधी ओठाच्या कडेला, मग डोळ्याभोवती, मग अर्ध्या गालावर. तिने त्याचा फार बाऊ केला नाही. केला तो काकांनी. लग्नाच्या वाढदिवशी त्यांनी तिचा मोबाईलवरचा एक हसरा फोटो घेतला, रात्रभर बसून गाल साफ केला, मोठा करून चौकटीत घालून दिला. काकूने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही कोण?" मग चौकट उलटी करून कपाटावर ठेवली. त्या दिवसापासून ती फोटोसाठी म्हणून कुणाच्याही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. भाचीच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा पदराचं टोक तेवढं आहे. आणि काकांनी सवयीने साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह केला होता.

गेल्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन तीन दिवसांत रचनाकाकू गेली. पुण्यानुमोदनाला विहारात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तिचा फोटो ठेवायचा होता. काकांनी तो चौकटीतलाच फोटो ठेवला. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, फुलं वाहायची वेळ आली तशी काकूची आई शांताबाई काठी टेकत पुढे आली. फोटोपाशी वाकली. हातातली फुलं तशीच धरून मागे फिरली.

"ही माझी लेक न्हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या तोंडावर चांदणं पडल्यालं. ही कुणाची बाई बसवली रे प्रफुल्ल?"

म्हातारीने फुलं परत पिशवीत घातली.

आता वर्षश्राद्धासारखंच वर्षाचं पुण्यानुमोदन आठ दिवसांवर आलं होतं. शनिवारी दुपारी काका स्टुडिओच्या मागच्या खोलीत क्षिप्रापाशी आले ते याच कामासाठी.

क्षिप्रा एव्हाना इंजिनिअर होऊन कोलशेतच्या एका कंपनीत कामाला लागली होती. सुट्टीच्या दिवशी तिने वडिलांच्या धंद्यातल्या लोकांसाठी एक सोय केली होती. चौदा स्टुडिओंच्या कॉम्प्युटरांत मिळून लाखो फोटो पडलेले, आणि फायलींची नावं अशी की 'लग्न फायनल', 'लग्न फायनल दोन', 'हेच फायनल'. नावाने काही सापडायचं नाही. म्हणून क्षिप्राने असं केलं की नावाऐवजी फोटोच दाखवून फोटो शोधायचा. सगळे फोटो एका जागी आणावेत, तर कुणी कुणाला आपली गिऱ्हाइकं दाखवायला तयार नव्हता. मग तिने फोटो जागच्या जागी ठेवले. प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या फोटोंतले रंग, आकार, विणी आधीच वाचून ठेवतो. इथून विचारलं की प्रश्न चौदा ठिकाणी जातो, आणि ज्याच्याकडे मिळतंजुळतं असेल तो तेवढंच पाठवतो.

"म्हणजे फोटो हलत नाहीत," काका म्हणाले.

"नाही. प्रश्न फिरतो."

"बरं आहे. मला तिचा एक चेहरा हवाय, बाळा. एकच. म्हातारी ओळखेल असा."

क्षिप्राने आधी तो चौकटीतला फोटोच यंत्राला दाखवला. कोड आल्यानंतरचा दुसरा होता कुठे? पडद्यावर स्टुडिओंचे चौदापैकी तेरा दिवे हिरवे झाले. खोपटच्या एसटी डेपोजवळचा एक लागला नाही. तिने त्या स्टुडिओच्या अण्णांना फोन लावला.

"अण्णा, तुमचा कॉम्प्युटर बंद दिसतोय."

"मुद्दाम बंद ठेवलाय. तुझा शोध सुरू झाला की पंखा असा घरघरतो, गिऱ्हाईक विचारतं, अण्णा, आत गिरणी टाकली काय?"

"दहा मिनिटं चालू करा ना. प्रफुल्लकाकांसाठी आहे. काकूचा फोटो शोधतोय."

पलीकडे एसटीचा हॉर्न वाजला. "अगं मग आधी सांगायचं ना," अण्णा म्हणाले. "दिवसभर चालू ठेवतो. त्याला सांग की... जाऊ दे, काही नको सांगू."

चौदावा दिवा लागला आणि पडद्यावर चेहरे येऊ लागले. डोंबिवलीतली एक नवरी. कल्याणच्या कुणाची तरी करवली. ठाण्यातली एक विहीणबाई. सत्तर-ऐंशी बायका, आणि सगळ्यांचे गाल सारखेच नितळ, सारखाच उजेड. क्षिप्राला आधी कळेना की यंत्र असं का करतंय. मग कळलं. या प्रत्येक गालावरून काकांचाच हात फिरला होता. यंत्राने काकूला सोडून काकांनाच ओळखलं होतं.

हे काकांनाही कळलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला, खिशात हात घातला आणि एक रुमाल टेबलावर उलगडला. आत पिनांची ती लाल उशी होती. दोन पिना अजून टोचलेल्या.

"चेहऱ्याने नाही सापडत," ते म्हणाले. "याने बघ."

क्षिप्राने उशीचा फोटो काढला. लाल खण, पिवळे टाके. प्रश्न पुन्हा फिरायला निघाला. या वेळी उत्तरं हळू आली, पण आली. एक, चार, अकरा. शेवटी एक्केचाळीसवर आकडा थांबला.

"काका! एक्केचाळीस!" ती खुर्चीतून उठलीच. काकाही उठले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

तिने पहिला फोटो मोठा केला. हिरव्या शालूतली नवरी. कमरेपाशी निऱ्या धरलेला एक हात, मनगटाला लाल उशी. हात कोपरापर्यंत होता. कोपराच्या पुढे भिंत. फिकट पिवळी, कोपऱ्यात थोडी ओल असलेली, सुरेख भरलेली भिंत.

दुसऱ्यात बोटं आणि उशी, मागे झेंडूच्या माळा. तिसऱ्यात उशी तेवढी नवरीच्या खांद्यावर, मागे पडदा. क्षिप्रा पुढे पुढे सरकवत राहिली. निऱ्यांवर, पदरावर, शेल्याच्या गाठीवर टेकलेले हात. जिथे हात साडीवर होता तिथे तो पुसता आला नव्हता, पुसला असता तर साडी फाटल्यासारखी दिसली असती. बाकी जिथे जिथे बाई होती तिथे तिथे भिंत होती.

"मूळ फोटो असतील ना कुणाकडे? तुमच्याकडे यायच्या आधीचे?" क्षिप्राने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर ठाऊक होतं. तिच्या वडिलांकडेही तोच रिवाज होता. अल्बम दिला की वर्षभराने मूळ फोटो उडवायचे, जागा मोकळी करायची. ठेवायचे ते काकांनी साफ केलेलेच.

"नवरीच्या आया सांगायच्या," काका म्हणाले. "शुभकार्य आहे, ती डागांची बाई दिसायला नको. स्टुडिओवाले चिठ्ठीवर एवढंच लिहायचे, मागची बाई पुसणे. ती माझी कोण, हे सगळ्यांना कुठे माहीत होतं."

"तुम्ही नाही म्हणायचं ना काका."

"तीच म्हणायची, पुसा. म्हणायची, मला पुढचं काम मिळायला हवं की नको?"

क्षिप्रा नुसतं बोट चालवत राहिली. अडतिसावा फोटो कल्याणच्या एका कार्यालयातल्या नवरीच्या खोलीतला होता. नवरी पाठमोरी, खांद्यावर तोच हात, आणि समोर पुरुषभर उंचीचा आरसा.

"आरसा आहे," ती जवळजवळ ओरडलीच. "काका, आरसा! हात इथे आहे म्हणजे चेहरा आरशात असणार!"

तिने आरसा मोठा केला. आणखी मोठा केला. आरशात नवरीचा चेहरा होता, कपाळावर मुंडावळ्या होत्या. नवरीच्या खांद्यामागे, जिथे दुसरा चेहरा असायला हवा होता, तिथे खोलीचा निळा पडदा होता. पडद्याला चुण्या होत्या, चुण्यांत उजेड होता. इतका नेटका पडदा क्षिप्राने कधी बघितला नव्हता. लहानपणी स्टुलावर बसून ती टाळ्या वाजवायची, ते अशाच कामाला.

प्रफुल्लकाका कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ वाकले. शांताबाई विहारात वाकली होती तसे.

"हा घरी केलेला," ते म्हणाले. "रविवार होता. ती शेजारी शेंगा सोलत बसलेली. मी नवरीमागून हिला पुसलं, भिंत भरली, म्हटलं झालं. तर ती पुढे झाली, कॉम्प्युटरवर बोट ठेवून म्हणाली, अहो, आरशातली राहिली."

बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटो आहेत का म्हणून विचारत होतं. रवींद्र वैद्यांनी त्याला बसायला सांगितलं.

"हसत होती," काका म्हणाले. "आरशात. दात दिसत होते."

"काका, हात तरी छापू का? हा पहिला छान आहे. आजीला हात दाखवू. ती ओळखेल, मनगट ओळखेल ती." क्षिप्राने पहिला फोटो पुन्हा पडद्यावर आणला. "उशी आहे ना त्यात. मी मोठा करून देते. काका?"

काकांनी टेबलावरची उशी उचलली. तिचा बंद स्वतःच्या मनगटाला एका हाताने बांधता येत नव्हता. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्यांनी बंदाचं एक टोक दातांत धरलं, गाठ मारली आणि मनगट सदऱ्याच्या बाहीत लपवलं. दारापाशी फ्रेम करून लावलेले त्यांनीच उभे केलेले सात-आठ मेलेले लोक कोट घालून डोळ्यांत उजेड घेऊन बसले होते. त्यांच्यासमोर वाकून काकांनी चपला घातल्या आणि तो हात छापून घ्यायला न थांबता ते बाहेर पडले.