बटणं मोजायची भाषा

आजी शाळेचे गणवेश शिवायची. एरवी ती आमच्यासारखीच बोलायची, पण बटणं मोजायला घेतली की आकडे भलतेच. लहानपणी मी विचारलं, तर म्हणाली, "शिंपीकामातले आहेत ते." मला ते पटलं.

पुढे मी नर्स झाले. एकदा आमच्या वॉर्डात एक म्हातारबाबा आले. पोटाचं ऑपरेशन दोन दिवसांत व्हायला हवं होतं, पण ते सही करीनात. त्यांचं बोलणं कुणाला ओ की ठो कळेना. सकाळी मी त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या, तर एकेक सरकवत ते मोजायला लागले. मी थबकलेच. हे तर आजीचे आकडे होते.

दुपारी घरी जाऊन मी तिला सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली.

"मला नाही येत ती भाषा."

"आजी, खोटं नको बोलूस."

ती कापडाची घडी सारखी करायला लागली. मग हळूहळू बोलली. शाळेत पाण्याला घरचा शब्द वापरला, म्हणून बाईंनी तिला दिवसभर बाकावर उभं केलं होतं. लग्नानंतर सासूबाईंनी बजावलं, पोरांच्या कानावर ही बोली पडता कामा नये.

"तुझ्या बाबालासुद्धा कळू दिलं नाही. भाऊ होता तोवर त्याच्याशी बोलायचे. तो जाऊन बारा वर्षं झाली. आता काय भिंतीशी बोलू?"

"त्या आजोबांशी बोल."

संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून ती वॉर्डात आली. माझे बाबा तिला सोडायला आले होते. खाटेजवळ स्टूल ओढून तिने एकच वाक्य उच्चारलं. म्हातारबाबा तिच्याकडे बघतच राहिले, आणि मग जे सुटले ते थांबेनात. ऐकता ऐकता आजी खो खो हसायला लागली.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऑपरेशनला ना नाही त्यांची. पण कुणीतरी त्यांची कवळी धुवायला नेली ती परत आलीच नाही. मरण आलं तरी बोळक्या तोंडाने जाणार नाही, म्हणतात."

कवळी कपाटात सापडली. सही झाली, ऑपरेशनही नीट पार पडलं.

मुख्य सिस्टरनी आजीला विचारलं, "दुभाष्यांच्या यादीत तुमचं नाव घालू? भाषा कोणती लिहू?"

आजीने बाबांकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात भाषेचं नाव सांगितलं. वर सिस्टरांची वेलांटीही सुधारली.

"आई, मी साठीला आलो. इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"आता बोलतेय ना. बस इथं आणि ऐक."

तेव्हापासून असा कुणी पेशंट आला की आजीला फोन जातो. बाबाच तिला घेऊन येतात आणि कान देऊन बसतात. परवा एका नव्या डॉक्टरने विचारलं, "ही कुणाची भाषा?"

"आमची," बाबा म्हणाले. मी सांगायला नुसतंच तोंड उघडलं होतं.