घाबरं म्हंजे भ्या न्हाई

माझी सासू बाणूबाई कुणाला भ्यायची न्हाई. मुडबीच्या माळावर मेंढरं राखली, तवा लांडग्याला दगड हाणून वर आयमायवरून शिव्या घातलेली बाई. पुढं मेंढरं इकली, रोजगाराला जायाला लागली, तरी तोंडाचा पट्टा चालूच. माझा नवरा सिद्धू पुण्याला कंपनीत गेला, आन् घरात आम्ही दोघीच उरलो भांडायला.

त्या दिवशी ती बसून तूर निवडायली व्हती. "जगदेवी, घाबरं व्हायलंय गं," म्हणली आन् सुपावरच कलंडली. डोळे पांढरे! शेजारची नागूबाई म्हणली, "अंगात आलंय, पाया पड." म्या वरडले, "पाया कशाच्या पडायलीस, जीप बघ!" तवर सासू उठून बसली.

तरी म्या तिला जीपमध्ये घालून नेलंच. दवाखान्यात धारवाडकडचा, कानडी बोलणारा तरणा डॉक्टर. छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली, ती बरी निघाली. मग एकेक इचारून मार्क घालायला लागला. जड काम करताना पडली का? झोपून व्हती का? दोन्हीला म्या न्हाई म्हणले. म्हणला, ह्यात मार्क वाढले की काळजाचा धोका. तीन झाले की घरी धाडायचं न्हाई.

"पडायच्या आदी काय वाटलं?"

"घाबरं झालं," सासू म्हणली.

"गाबरी?" डॉक्टर हसला. कानडीत गाबरी म्हंजे भ्या, आन् भिऊन पडलेल्याचा उलट एक मार्क कमी व्हतो म्हणं. "एन इल्ला, मनीगे होगरी." काय न्हाई, घरी जावा.

खरं सांगते, मला बरं वाटलं. पिशवी उचलली, दारापतूर आले, आन् टाळकंच सटकलं. ही बाई भिऊन पडंल? ही?

"अंजिकी अल्ल रीऽ! एदी! भ्या न्हाई साहेब, छाती! आमच्यात छाती धडधडली की घाबरं व्हायलंय म्हणतेत!"

डॉक्टरचं हसू गेलं. त्यानं सासूला परत इचारलं. "व्हय की," ती म्हणली, "काळीज नुसतं उड्या मारतंय, मग अंधारी येती." त्यानं भ्याचा उणे एक खोडला, धडधडीचे चार मांडले, आन् गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला. म्या पळत जाऊन जीप दारात लावाया सांगितली.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर. "बोला की ओ आत्या, शिव्या द्या, पर गप बसू नका!" रस्ताभर बोंबलत गेले. गुलबर्ग्यात खाटंवर घेतलं आन् तितंच तिचं काळीज थांबलं. माणसं धावली, मशीन लावली, चालू केलं. पुढं छातीत बारकी मशीन बसवली.

आता ती बरी हाय. पर दुपारची जरा डोळा लागून गप पडली की म्या हातातली भाकर टाकून पळते आन् तिच्या नाकाफुडं बोट धरते.

"जित्ती हाय मी," ती डोळे मिटूनच म्हणते, "मर की तिकडं, झोपू दे." तरी म्या बोट काढत न्हाई.